हवावाली ताई

गाडी दुकानासमोर थांबली की ड्रायव्हर खाली उतरून आधी बोनेट उघडायचा. डॉक्टरसमोर बसल्यावर न विचारता जीभ बाहेर काढणारे पेशंट असतात, तसंच ते. आणि दर वेळी ताई आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवरून न उठता म्हणायच्या, "झाका जी ते. आत पाहून काई समजत नाई." ड्रायव्हर गोंधळायचा. इंजिन बिघडलं म्हणून आलो, आणि ही बाई इंजिनाकडे पाहायलाच तयार नाही! तोवर ताईंनी लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवलेली असे. ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसत, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खुपसत आणि म्हणत, "चला. रोज जशी चालवता तशीच चालवा. माह्याकडे पाहू नका."

हवावाली ताई हे नाव त्यांना पाटीमुळे पडलं. डिझेल गाड्यांच्या एअर फ्लो सेन्सरची रेकॉर्डिंग करून तपासणी, असं त्यांना लिहून हवं होतं. पेंटरने अक्षरं मोठी काढली, जागा संपली, आणि पाटीवर उरलं नुसतं 'हवा तपासणी'. मग काय, ट्रॅक्टरपासून मोटरसायकलपर्यंत सगळे चाकात हवा भरायला येऊन उभे राहू लागले. ताई प्रत्येकाला समोरच्या पंक्चरवाल्याचं दुकान दाखवत. एक म्हातारा ट्रॅक्टरवाला मात्र ऐकेना. "पाटीवर लिवून हाय ना हवा! मंग काऊन नाई भरून देत?" शेवटी ताई रस्ता ओलांडून गेल्या, पंक्चरवाल्याची नळी ओढत आणली आणि स्वतः त्याचं चाक भरून दिलं. "घ्या बाबाजी, आता खरंच हवावाली झाली मी." त्या दिवशी मी त्यांना हसताना पाहिलं. असे दिवस थोडे होते, म्हणून लक्षात आहे.

माझं स्पेअर पार्टचं दुकान हायवेवरच्या जाम गावच्या चौकाला लागून आहे. हैदराबादच्या गाड्या सरळ निघून जातात, चंद्रपूरच्या वळतात, आणि ज्यांना काही झालेलं असतं त्या माझ्याकडे थांबतात. दुकानाच्या बाजूला टिनाचं एक शेड रिकामं पडून होतं. एका दुपारी मध्यम वयाची, सलवार-कुर्त्यातली एक बाई येऊन म्हणाली, "भाऊ, हे शेड किरायानं देता का?" मला वाटलं, झेरॉक्स टाकत असेल. "काय टाकाचं हाय?" तर म्हणे, "गाड्या तपासाच्या हाय." मी तिच्याकडे आणि शेडकडे आळीपाळीने पाहत राहिलो. माझा चेहरा त्यांना वाचता आला असावा, कारण लगेच त्या म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक नाई तोडत मी. झालं तं वाढन."

ताई मूळच्या वडनेरच्या. डिप्लोमा करून पुण्याकडे इंजिनाच्या एका कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली होती. वडिलांना लकवा मारला. आई आधीच गेली होती. तेव्हा सगळं सोडून त्या परत आल्या. लग्न झालं होतं की नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. वडिलांचं उजवं अंग गेलं होतं, त्यासोबत वाचाही. सकाळी त्यांचं सगळं आटोपून, शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवून ताई बसने जामला येत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. दुपारी डबा खाताना घरी फोन लावत. काकू फोन वडिलांच्या कानाला धरत असत. "बाबा, आज एक ॲम्ब्युलन्स आलती. चढावर दम तोडून राह्यली होती. आता ठीक हाय." पलीकडून घशातला नुसता आवाज येई. ताई तो नीट ऐकून घेत, मग म्हणत, "हाव, जेवतो मी. ठेवू?" डब्यातला भात बहुतेक दिवस अर्धा तसाच परत जाई.

त्यांच्या कामातलं मला जे समजलं ते त्यांनीच समजावलेलं आहे. एअर फिल्टरच्या पुढे पाइपात बोटाएवढा एक सेन्सर असतो. इंजिनात किती हवा चालली आहे ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्या मानाने डिझेल सोडतो. सेन्सर साफ मेला तर समोर लाइट लागतो आणि कोणालाही कळतं. पण अर्धवट बिघडला तर लाइट लागत नाही. तो हवा कमी सांगतो किंवा जास्त सांगतो, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, आणि गाडी ओढत नाही किंवा धूर मारते. "मेलेला सेन्सर सोपा असते भाऊ," त्या म्हणत. "खोटं बोलणाराच कठीण. त्याले धावत्या गाडीतच पकडा लागते." कापसाच्या दिवसांत हिंगणघाटच्या जिनिंगांमधून निघालेल्या गाड्यांची फिल्टरं रुईने पांढरी झालेली असत. त्यातला एखादा तंतू आत जाऊन सेन्सरला चिकटला तरी पुरे. एकदा मी असाच सेन्सर हातात घेऊन फुंकर मारायला गेलो, तर ताई ओरडल्याच. "अजी, तोंडातली थुंकी उडते त्याच्यावर!"

लॅपटॉपवर दोन रेषा असत. सेन्सर काय सांगतो आहे ती एक, आणि इंजिनाची गती, टर्बोचा दाब, हवेची उष्णता यांवरून खरोखर किती हवा जात असावी, ती दुसरी. परत आल्यावर ताई ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहत. "बैलजोडीसारख्या चालल्या पाहिजे दोघी. एक पुढं, एक मागं, असं झालं का समजाचं का जुवाखाली काईतरी हाय." रिकामी गाडी त्या तपासत नसत. चढावर त्रास होतो म्हणाल तर चढ, माल भरल्यावर होतो म्हणाल तर माल भरून आणा. कोणी म्हणालं, "ताई, तुम्हीच अंदाजाने सांगा ना, काय असेल?" तर त्यांचा चेहरा एकदम बंद होई. "अंदाज ज्योतिष्याकडे भेटते. माह्याकडे नाई."

कारंज्याचा एक संत्र्यांचा व्यापारी हैदराबादकडे माल घेऊन निघाला होता. त्याच्या पिकअपचा सेन्सर कोणीतरी दोनदा बदलून झाला होता आणि तिसऱ्यांदा बदलायला तो माझ्याकडे आला. मी डबा काढून काउंटरवर ठेवलाही होता. ताई त्याच्यासोबत एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "सेन्सर चांगला हाय. हवा बरोबर सांगून राह्यला, पण टर्बोच्या पुढं दाब बनत नाई. मधातच कुठंतरी पाइप फाटला असंन." पाइप खरंच खालच्या बाजूने चिरलेला निघाला. सेन्सरचा डबा परत फळीवर गेला. मी थोडा नाराज होतो, ते ताईंना दिसलं. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याले उगाच दोनदा हाकलून देल्लं भाऊ, तिसऱ्यांदा कशाले?" बिचारा म्हणजे व्यापारी नव्हे, सेन्सर.

त्या चुकल्या नाहीत असं नाही. समुद्रपूरच्या एका दूधवाल्याच्या गाडीचा सेन्सर त्यांनी बदलायला लावला आणि त्रास मात्र कायम राहिला. नंतर सापडलं की दोष वायरीच्या जोडात होता, ओल धरत होती. ताई त्या दूधवाल्याच्या घरी गेल्या, त्याच्या बायकोमुलांसमोर "माही चुकी झाली" म्हणाल्या आणि जोड स्वतः करून दिला. पण ते त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर त्या आणखी सावध झाल्या. पूर्वी एकदा रेकॉर्डिंग करायच्या, आता प्रत्येक गाडी दोनदा चालवून पाहू लागल्या. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्यात या सावधपणाचा हात होता, असं त्या स्वतः म्हणत. मला तसं वाटत नाही. पण माझ्या वाटण्याने त्यांचं ओझं कमी झालं नाही.

नामदेव हिंगणघाटच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. समुद्रपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. कापसाच्या गाठी भरून तो इकडून जाई आणि माझ्याकडे थांबून बल्ब, फ्यूज असलं काहीबाही घेई. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गाडीचा आरसा दिवसातून चारदा पुसणारा माणूस. त्या साली मालकाच्या लक्षात आलं की नामदेवच्या ट्रकचं ॲव्हरेज एकदम खाली आलं आहे. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवली. उभ्या गाडीला मशीन लावून त्यांनी सांगितलं, काही दोष नाही. मग डिझेल कुठे जातं? मालकाला उत्तर सापडलं. त्याने भर यार्डात, बाकीच्या ड्रायव्हरांसमोर नामदेवला मुलीच्या डोक्याची शपथ घ्यायला सांगितलं. नामदेव म्हणाला, "मी चोरी नाई केली. पोरीची शपथ बी नाई घेत." मालकाने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली आणि गाडीमालकांच्या मोबाइल ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, डिझेल चोर, कामावर ठेवू नये.

हे सगळं नामदेवने स्वतः आमच्या बाकावर बसून सांगितलं. फोटो दाखवला. फोटो जुना होता, दसऱ्याला गाडीची पूजा करताना काढलेला. कपाळावर टिळा होता. ताईंनी तो फोटो पाहिला आणि मोबाइल त्याच्या हातात परत दिला. मग एकेक प्रश्न विचारू लागल्या. धूर कसा यायचा? काळा. कधी? माल भरून बराच वेळ चालल्यावर. सकाळी? सकाळी नाही. "हवेचाच सेन्सर असंन का हो ताई?" नामदेवने विचारलं. ताई म्हणाल्या, "असू शकते. पाह्यल्याबिगर नाई सांगता येत. गाडी पाहिजे."

गाडी मालकाकडे. मला हिंगणघाटला माल आणायला जायचंच होतं, ताई सोबत आल्या. मालक काही राक्षस नव्हता. त्याने आम्हाला बसवलं, चहा मागवला. ताईंनी सांगितलं की भरलेली गाडी एकदा चालवून पाहू द्या. तो म्हणाला, "कंपनीवाल्यांनी पाहिली ना ताई."

"त्यायनं उभी पाह्यली असंन. मले गरम झाल्यावर पाहाची हाय."

मालकाने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "गाडी अशी फिरवायला मी नाही देत, माल खोळंबतो. पण एक सांगा. तुम्हाला खात्री आहे का, की सेन्सरच खराब आहे? हो म्हणा, मी आत्ता नवा लावतो."

मी ताईंकडे पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. ताईंनी कपबशी खाली ठेवली. "खात्री नाई," त्या म्हणाल्या. "पाह्यल्याबिगर मी हाव नाई म्हनू शकत."

"मग मीही नाही म्हणू शकत," मालक म्हणाला आणि उठला.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "ताई, हाव म्हणून टाकाचं होतं." त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. "अन् नवा सेन्सर लावून बी ॲव्हरेज नसतं आलं तं? दुसरंच काई असतं तं? मंग नामदेवभाऊ पक्का चोर झाला असता. पुन्हा कोनी तपासतच नव्हतं."

त्यानंतर नामदेव आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी येऊ लागला. बाकावर टेकायचा. "आली का गाडी, ताई?" "नाई आली भाऊ." "बरं." एवढंच बोलणं. कधी कधी ताई त्याला दुसऱ्या गाडीचं रेकॉर्डिंग दाखवत, रेषा कशा चालतात ते सांगत. तो डोळे बारीक करून पाहत असे. कोणी त्याच्या हाती स्टिअरिंग देत नव्हतं. मग तो हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हमालीला लागला, गाठी चढवायला. ज्या गाठी इतकी वर्षं गाडीत घेऊन गेला, त्याच आता पाठीवर. बाजाराच्या दिवशी यायचा तेव्हा केसांत, भुवयांत रुई असे. एकदा ताई म्हणाल्या, "भाऊ, हे काम तुमच्या वयाचं नाई." तो म्हणाला, "हे काम चोराले बी देतात, ताई." रागाने नाही म्हणाला. माहिती दिल्यासारखं म्हणाला.

हिवाळा संपता संपता एका बाजाराच्या दिवशी तो आला नाही. पुढच्याही आला नाही. मग त्याच्या गावचा एक ऑटोवाला ऑइल घ्यायला आला, त्याच्याकडून कळलं. गाठ चढवताना छातीत कळ आली, खाली बसला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. ताई तेव्हा शेडमध्ये काहीतरी टाइप करत होत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी नंतर तो उघडला नाही. तेरवीला जाऊ या, असं मी म्हणालो. "काय घेऊन जाऊ भाऊ?" त्या म्हणाल्या. "माह्या हातात काय हाय?"

आणि मग गाडी आली. नामदेवच्या जागी मालकाने आपल्याच सख्ख्या भाच्याला बसवलं होतं, आणि ॲव्हरेज काही वर आलं नव्हतं. भाच्याला चोर कसं म्हणणार? शेवटी भाचाच वैतागून भरलेला ट्रक आमच्यासमोर घेऊन आला. "ताई, मामाला सांगून आलो. पाहा एकदाचं काय ते." ताई वर चढल्या. हिंगणघाटच्या बाजूला जाऊन ते परत आले, तेव्हा ताईंनी मला हाक मारून पडदा दाखवला. सुरुवातीला दोन्ही रेषा सोबत होत्या. गाडी तापत गेली तशी सेन्सरची रेषा हळूहळू वर सरकू लागली आणि मग वरच राहिली. ताईंनी भाच्याला पुन्हा एक फेरी मारायला लावली. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आला. ताईंनी त्याला खुर्ची दिली आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "गरम झाला का हा सेन्सर नसलेली हवा हाय म्हनून सांगते. कॉम्प्युटर तेवढं डिझेल सोडते. ते पुरं जळत नाई, काळा धूर होऊन जाते. सकाळी थंड गाडीत सेन्सर ठीक, म्हनून कोनाले सापडला नाई. तुमचं डिझेल धुरात गेलं. नामदेवभाऊनं नाई नेलं."

मालक पडद्याकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, "नवा द्या." नवा सेन्सर लावला, ताई पुन्हा फेरी मारून आल्या. दोन रेषा एकमेकींना धरून चालल्या होत्या. मालक जायला निघाला तेव्हा ताई म्हणाल्या, "त्यायच्या घरी चलता का? मी बी येतो."

"आता काय उपयोग, ताई? माणूस तर गेला."

"बायको हाय. गाव हाय."

"पाहू," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं की आपल्या एका गाडीचा हवेचा सेन्सर खराब निघाला, सर्व मालकांनी आपापल्या गाड्या जामला तपासून घ्याव्यात. नामदेवचं नाव त्यात नव्हतं. फोटो काढून टाकल्याचंही काही नव्हतं. आणि त्या मेसेजने ताईंच्या शेडसमोर पहिल्यांदाच गाड्यांची रांग लागली. असं काम त्यांना कधीच मिळालं नव्हतं. एकेका गाडीत चढायच्या, उतरायच्या, पाणीसुद्धा न पिता पुढच्या गाडीत चढायच्या. मी म्हणालो, "ताई, आता तुमचं नाव झालं." त्या म्हणाल्या, "कोनाच्या जिवावर झालं, ते पाहून राह्यली ना मी."

मालक आला नाही. एका दुपारी रांग तशीच सोडून ताईंनी शेड बंद केलं आणि मला म्हणाल्या, "तुमची मोटरसायकल काढता का?" आम्ही नामदेवच्या गावी गेलो. घर लहान, अंगण सारवलेलं. नामदेवची बायको पंचफुलाबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. "तुमीच का त्या?" ती म्हणाली. "ते नाव काढायचे तुमचं." तिने सतरंजी टाकली, पाणी आणलं. ताईंनी लॅपटॉप उघडला आणि सांगायला सुरुवात केली, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागेना. पंचफुलाबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मले काऊन सांगता?" ती म्हणाली. "मले तं पहिल्या दिवसापासून मालूम होतं. मी त्यायच्यासंग संसार केला. मले हे पाहाची गरज नाई."

ताईंचे हात कीबोर्डवरच थांबले.

"गावाले सांगा," पंचफुलाबाई म्हणाली. "ते मेले तवा खांदा द्याले बी लोक मागंपुढं पाहत होते."

तिने स्वतःच शेजारच्या घरी हाक मारली. एक बाई आली, मग दोन म्हातारे आले, मग नामदेवचा चुलतभाऊ आला आणि दारातच उभा राहिला. ताईंनी प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगितलं. सेन्सर म्हणजे काय, रेषा कोणत्या, कोणती खरी, कोणती खोटी. समजलं नाही तर पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "म्हंजे नामदेवनं नाई घेतलं?" ताई म्हणाल्या, "नाई घेतलं. एक थेंब नाई." लॅपटॉपची बॅटरी संपून पडदा काळा झाला, तरी त्या सांगत राहिल्या. चुलतभाऊ चपला काढून आत आला आणि भिंतीशी बसला.

निघताना पंचफुलाबाई दारापर्यंत आली. ताई तिला म्हणाल्या, "मावशी, मी तवाच हाव म्हनून टाकलं असतं तं गाडी तवाच ठीक झाली असती. ते जिते असते." पंचफुलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, असं काही नाही बाई, तुमचा काय दोष. ती तसं म्हणाली नाही. "येजो मंग," एवढंच म्हणाली आणि सुपाजवळ जाऊन बसली.

उन्हाळ्यात ताईंचे वडील गेले. मी वडनेरला गेलो तेव्हा त्या ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "दुपारी फोन लावाले कोनी नाई आता." काही दिवसांनी त्यांनी पुण्याच्या जुन्या कंपनीत परत जायचं ठरवलं. मी त्यांना थांबा म्हणालो. इतकं काम सुरू झालं आहे, पाटीही नवी करून घेऊ. त्यांनी ऐकून घेतलं, जसं ड्रायव्हरचं ऐकून घेत, आणि नकारार्थी मान हलवली.

जायच्या दिवशी मी त्यांना चौकातल्या बसथांब्यावर सोडायला गेलो. सामान फार नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तिथं तरी जरा बरं वाटन तुमाले. मोठ्या मशिनी, मोठं काम."

ताई रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे पाहत होत्या. "तिथं इंजिन गाडीत नसते भाऊ," त्या म्हणाल्या. "एका बंद खोलीत, लोखंडाच्या पलंगावर बांधून ठेवलेलं असते. तिथंच चालवाचं, तिथंच रेकॉर्डिंग कराचं. ड्रायव्हर नसते." पिशवी खांद्याला अडकवत म्हणाल्या, "मले आता तेच झेपन."

बस आली. त्यांनी खिडकीतून हात केला, मीही केला. पोचल्याचा फोन आला, नंतर फोन कमी होत गेले.

शेड आता एका टायरवाल्याला दिलं आहे. गाड्या अजून येतात, हवावाली ताई कुठे म्हणून विचारतात, पुण्याला गेल्या म्हटलं की निघून जातात. पण त्यांच्यातच कधी एखादा ड्रायव्हर असा येतो, ज्याला मालक ॲव्हरेजवरून बोललेला असतो. तो लगेच ओळखू येतो. तो काही विकत मागत नाही आणि निघूनही जात नाही. काउंटरला टेकून उभा राहतो, गाडीकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो. मी त्याच्यासाठी चहा सांगतो. त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरं काही नाही.